माती परीक्षणात ‘सोडियम जास्त’ आलंय. सोडियम तर पाण्यात पेटतं, मग माझ्या रानात का पेटत नाही?

नदीकाठचा ऊसकरी

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यात नदीकाठाला माझं काळं रान आहे. कायम ऊस. गेल्या काही वर्षांत खालच्या अंगाचा तुकडा पार चोपण झालाय. पाऊस पडला की चिखल पायाला धरून बसतो, वाळलं की ढेकूळ कुदळीनं फुटत नाही. पाणी पाजलं तर आत मुरतच नाही, वर डबकं होऊन राहतं. म्हणून माती तपासून घेतली. अहवाल असा आहे: सामू (पीएच) ९.१, ईसी (विद्युतवाहकता) १.८, विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) २२ टक्के. शेरा: ‘चोपण, सोडियमचे प्रमाण जास्त, जिप्सम वापरावे’.

आता खरा प्रश्न. माझी लेक आठवीत आहे. तिनं मोबाईलवर मला व्हिडिओ दाखवला. सोडियमचा हरभऱ्याएवढा तुकडा पाण्यात टाकला की तो गरगर फिरतो, पेट घेतो, फाटकन फुटतो. अहवाल हातात घेऊन ती विचारते, “पप्पा, आपल्या रानात एवढं सोडियम आहे तर पाणी पाजल्यावर का पेटत नाही?” मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकात ‘सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो आणि धन आयन होतो’ एवढंच लिहिलंय. देतो म्हणजे कुणाला देतो? का देतो? आणि एक इलेक्ट्रॉन गेला म्हणून एवढा फरक पडतो का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं. लेक शेजारी बसून वाचणार आहे.

बीएस्सी दुसरं वर्ष

काका, सोपं आहे. सोडियमचा अणुअंक ११. इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १. बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, तो दिला की २, ८ उरतात आणि अष्टक पूर्ण होतं. प्रत्येक अणूला अष्टक पूर्ण करायचं असतं, म्हणून सोडियम आनंदानं इलेक्ट्रॉन देतो. क्लोरिनकडे २, ८, ७ असतात, तो एक घेतो. एकाचा धन आयन, दुसऱ्याचा ऋण आयन, दोघांचं मिळून मीठ. रानात सोडियम आयनाच्या रूपात असतो, म्हणून पेटत नाही.

मातीवाली

ऊसकरी दादा, मी कोल्हापुरात माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. तुमच्यासारखे अहवाल रोज माझ्या हाताखालून जातात. तरी लेकीनं विचारला तसा प्रश्न शेतकरी क्वचितच विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या रानातल्या सोडियमचा इलेक्ट्रॉन कधीच गेलाय. व्हिडिओत जो पेटतो तो सोडियम धातू. त्याच्या प्रत्येक अणूत ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन, हिशेब बरोबर शून्य. पाण्यात पडला की बाहेरचा एक इलेक्ट्रॉन सुटतो, पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन तो घेतो आणि वायू होऊन वर येतो. या देवघेवीत एवढी उष्णता निघते की सोडियम वितळून गोळी होते आणि हायड्रोजन पेट घेतो. मागं पाण्यात काय उरतं? ११ प्रोटॉन आणि १० इलेक्ट्रॉन असलेला सोडियम आयन. त्याच्यावर एक धन प्रभार. इलेक्ट्रॉन ऋण असतो, तो गेला म्हणून उरलेला अणू धन. पुष्कळ मुलांचा इथंच घोळ होतो, ‘कमी झालं तर वजा व्हायला पाहिजे’ असं त्यांना वाटतं. लेकीला एवढंच सांगा की प्रोटॉन मोजायचे, इलेक्ट्रॉन मोजायचे, आणि वजाबाकी करायची.

या आयनाला पाण्याशी भांडायला काही उरलेलंच नाही. पेटण्याचं जे कारण होतं ते त्या एका इलेक्ट्रॉनात होतं.

वजनात फरक विचाराल तर जवळजवळ शून्य. सोडियमचा अख्खा अणू एका इलेक्ट्रॉनच्या सुमारे ४२,००० पट जड असतो. आकारात मात्र मोठा फरक पडतो. अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर धरतात, आयनाची १०२ च्या आसपास. बाहेरचं कवचच रिकामं झालं, आणि उरलेल्या १० इलेक्ट्रॉनांना ११ प्रोटॉन अधिक घट्ट ओढून धरतात.

बीएस्सीवाल्या मित्रानं मांडणी बरोबर दिली आहे, पण ‘आनंदानं देतो’ हे मला मान्य नाही. आणि आठवीच्या मुलीला तर तसं सांगूच नये, कारण पुढं अकरावीत तेच खोडून काढावं लागतं. कुठलाही अणू आपणहून इलेक्ट्रॉन देत नाही. केंद्रक धन, इलेक्ट्रॉन ऋण, ओढ असणारच. एकट्या सोडियम अणूपासून तो बाहेरचा इलेक्ट्रॉन सोडवायला मोलमागं (म्हणजे सुमारे २३ ग्रॅम सोडियममागं) ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते. क्लोरिनला तो मिळाला की ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे नुसत्या देण्याघेण्यात १४७ किलोज्यूलचा तोटाच आहे. मग मीठ तयार का होतं? कारण धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढून स्फटिकात रचून बसतात, आणि त्या बसण्यात मोलमागं सुमारे ७८७ किलोज्यूल सुटतात. तोटा तिथं भरून निघतो आणि वर पुष्कळ उरतं. पाण्यातही तसंच. आयनाभोवती पाण्याचे रेणू आपलं ऋण अंग आत करून जमतात आणि त्यात चारशेच्या आसपास किलोज्यूल परत मिळतात. घेणारा आणि सांभाळणारा कुणीतरी भेटतो, तेव्हाच सोडियमचा इलेक्ट्रॉन जातो.

मग एकच का जातो, दोन का नाही? हा सगळ्यात सुंदर आकडा आहे, लेकीला वहीत लिहून ठेवायला सांगा. पहिला इलेक्ट्रॉन काढायला ४९६, दुसरा काढायला ४५६२. नऊ पटींहून जास्त. पहिला एकटा बाहेर होता, आतल्या दहा जणांच्या आडोशामुळं केंद्रकाची ओढ त्याच्यापर्यंत थोडीच पोचत होती. दुसरा आतल्या भरलेल्या कवचातला. मॅग्नेशियमचं बघा: ७३८, मग १४५१, आणि तिसऱ्याला एकदम ७७३३. म्हणून मॅग्नेशियम दोनावर थांबतो. ‘अष्टक’ या नियमामागं हे आकडे आहेत. अणूच्या मनात काही नसतं.

राहिला प्रश्न तुमच्या रानातल्या सोडियमचा इलेक्ट्रॉन कुणी घेतला. आपली काळी माती बेसाल्टपासून झाली, दख्खनच्या लाव्हापासून, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. त्या दगडातल्या फेल्डस्पार खनिजात सोडियम आयन म्हणूनच बसलेला आहे. दगड झिजला, आयन पाण्यात आला. निसर्गात सोडियम धातू मोकळा सापडतच नाही. माणसानं तो पहिल्यांदा वेगळा केला १८०७ साली. हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून बॅटरीची वीज सोडली, म्हणजे आयनाला त्याचा इलेक्ट्रॉन जबरदस्तीनं परत दिला. व्हिडिओतला तुकडा कारखान्यात अशाच पद्धतीनं, वीज खर्च करून बनवलेला असतो. तो बनवताना जी ऊर्जा घातली, तिचाच एक भाग पाण्यात पडल्यावर बाहेर येतो.

नदीकाठचा ऊसकरी

मॅडम, लई उपकार. लेकीनं ४९६ आणि ४५६२ लिहून घेतलं. आता तिचे दोन आणि माझा एक प्रश्न. तिचा पहिला: एवढे प्रभार असलेले कण रानात भरलेत तर अनवाणी चिखलात उतरल्यावर शॉक का बसत नाही? दुसरा: तुम्हाला प्रयोगशाळेत सोडियम दिसतो कसा, तो तर विरघळलेला असतो. माझा प्रश्न असा की वीज सोडून सोडियम काढता येत असेल तर जिप्समच्या नादी कशाला लागायचं?

मातीवाली

शॉक बसत नाही, कारण धन आणि ऋण यांची बेरीज मातीत कायम शून्य असते. जितके सोडियम आयन, तितका ऋण प्रभार कुठंतरी शेजारी असतोच, क्लोराईडचा, बायकार्बोनेटचा नाहीतर खुद्द मातीच्या कणाचा. मात्र बाहेरून वीज लावली तर हेच आयन ती वाहून नेतात. तुमच्या अहवालातला ईसी १.८ हा आकडा तसाच निघाला. माती आणि पाणी हलवून त्यात दोन पट्ट्यांची कांडी बुडवायची आणि वीज किती सहज जाते ते मोजायचं. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात कांडी बुडवली तर यंत्र जवळजवळ शून्य दाखवतं. चिमूटभर मीठ टाकलं की आकडा उडी मारतो.

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा. तुमची माती आम्ही ॲमोनियम ॲसिटेटच्या द्रावणात घालून हलवतो. ॲमोनियमही धन आयन. तो संख्येनं एवढा जास्त असतो की मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमला ढकलून त्याची जागा घेतो. मग गाळायचं. गाळलेलं पाणी पूर्ण बिनरंगी, त्यात काही आहे असं कुणी म्हणणार नाही. फ्लेम फोटोमीटरमध्ये गॅसची निळी ज्योत असते. त्याची बारीक नळी या पाण्यात बुडवली की तुषार ज्योतीत जातात आणि निळी ज्योत झटकन पिवळीधमक होते. तुमच्यासारख्या चोपण रानाचा नमुना असला तर खोलीच्या दारातूनसुद्धा कळतं.

ज्योतीत काय होतं ते लेकीला सांगा. थेंब सुकतो, क्षार विरतो, आणि त्या उष्णतेत सोडियम आयनाला त्याचा इलेक्ट्रॉन क्षणभरासाठी परत मिळतो. तो पुन्हा अणू होतो. तो बाहेरचा इलेक्ट्रॉन उष्णतेनं वरच्या पातळीवर चढतो आणि खाली येताना ५८९ नॅनोमीटरचा पिवळा उजेड सोडतो. उजेड जितका जास्त तितका सोडियम जास्त. म्हणजे ज्याच्या जाण्यामुळं रान पेटत नाही, तोच इलेक्ट्रॉन ज्योतीत परत येऊन आम्हाला आकडा देतो. इतकी वर्षं हे काम करतेय, अजूनही ज्योत पिवळी झाली की मी थांबून बघते.

आता जिप्सम. ओल्या रानात वीज सोडली तर सोडियम धातू मिळणारच नाही. इलेक्ट्रॉन घ्यायला सोडियमपेक्षा पाणी जास्त तयार असतं, त्यामुळं तिथं हायड्रोजन सुटेल. डेव्हीनं वितळलेला सोडा घेतला होता तो याचसाठी. आणि समजा मिळाला, तरी तो पाण्याला लागून पुन्हा आयनच होईल. आपल्याला सोडियमचा प्रभार काढायचाच नाही, सोडियमलाच जागेवरून हलवायचंय.

काळ्या मातीचे कण पापुद्र्यापापुद्र्याचे असतात आणि त्यांच्यावर ऋण प्रभार असतो. तो कसा येतो बघा: पापुद्र्याच्या आतल्या रचनेत जिथं तीन धन प्रभाराचा ॲल्युमिनियम बसायचा तिथं काही ठिकाणी दोन धन प्रभाराचा मॅग्नेशियम बसलेला असतो. प्रत्येक जागी एक धन कमी पडतो. ती उणीव बाहेर चिकटलेले धन आयन भरून काढतात. तिथं कॅल्शियम असेल तर त्याचा प्रभार दोन, तो पापुद्र्यांना घट्ट जवळ ठेवतो, कणांची रवाळ बांधणी होते, पाणी मुरतं. सोडियमचा प्रभार एकच, आणि तो भोवती पाण्याचा मोठा घोळका घेऊन बसतो, त्यामुळं पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. कण फाकतात, भोकं बुजवतात. तुमचं डबकं तिथून आलंय. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सामू साडेआठच्या वर गेला की आम्ही चोपण म्हणतो. तुमचा २२ आहे.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. कॅल्शियम आत शिरून सोडियमला बाहेर काढतो, आणि सुटलेला सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात येतो. पण दादा, हे पाणी रानाबाहेर गेलंच पाहिजे. निचरा नसेल तर जिप्समच्या पिशव्या ओतून पैसे घालवू नका. सोडियम तिथंच खाली बसेल आणि उन्हाळ्यात पाण्याबरोबर पुन्हा वर येईल. आधी चर नाहीतर सच्छिद्र पाईप, मग जिप्सम, मग पाणी देऊन धुणं, त्यानंतर ताग किंवा धैंचा. आणि उसाला पाणी बेतानं. भूजल वर आलं, वरून ऊन लागलं, की पाणी उडून जातं आणि आयन मागं राहतात.

हुपरीचा चांदीवाला

आमच्या धंद्यात हे डोळ्यानं दिसतं म्हणून लिहितो. चांदी शुद्ध करताना ती तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात विरघळवतात. चोख चांदी असेल तर शेवटी पाणी स्वच्छ, बिनरंगी. नवीन पोरगं कामाला आलं की त्याला वाटतं चांदी संपली. मग त्यात तांब्याची पट्टी सोडायची. थोड्या वेळात पट्टीवर करड्या-पांढऱ्या चांदीची लव धरायला लागते, बोटानं हलवली तर खाली झडते. आणि पाणी निळं होत जातं. चांदीच्या आयनांनी तांब्याकडचे इलेक्ट्रॉन घेतले, ते परत धातू झाले. तांबं आयन होऊन पाण्यात उतरलं. तांबं दोन इलेक्ट्रॉन देतं, चांदीचा आयन एक घेतो, म्हणून साडेत्रेसष्ट ग्रॅम तांबं विरघळतं तेव्हा सुमारे २१६ ग्रॅम चांदी पडते. तराजूवर हा हिशेब जुळतो, आम्ही त्याच्यावरच चालतो.

मुलामा द्यायच्या टाकीतही हेच, फक्त इलेक्ट्रॉन तारेतून येतात. एक अँपिअर तासभर चालला की चार ग्रॅमच्या जरा वर चांदी बसते.

मुलांनी घरी हे करू नये. तेजाबाचा तांबूस धूर छातीत गेला तर जिवावर बेततं.

बीएस्सी दुसरं वर्ष

चांदीवाले दादा, तुमचा चार ग्रॅमचा आकडा इतका पक्का आहे की एके काळी अँपिअरची व्याख्याच चांदीवरून होती. १९०८ साली लंडनच्या परिषदेत ठरलं होतं: चांदीच्या नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी बसवणारा प्रवाह म्हणजे एक आंतरराष्ट्रीय अँपिअर. ३६०० नं गुणा, ४.०२ येतात.

मॅडम, एक शंका. चांदीच्या आयनात ४६ इलेक्ट्रॉन उरतात, बाहेरच्या कवचात १८. तांब्याच्या दोन धन प्रभाराच्या आयनात १७. लोखंडाचे तर दोन धन आणि तीन धन असे दोन आयन. यात अष्टक कुठंच नाही. मग अष्टकाचा नियम नेमका किती ठिकाणी चालतो?

मातीवाली

आवर्तसारणीच्या दोन्ही टोकांना बऱ्यापैकी चालतो: सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, क्लोरिन. मधल्या धातूंना लावायचाच नाही. तिथं एकामागून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा टप्प्याटप्प्यानं वाढते, सोडियमसारखी एकदम उडी नाही. त्यामुळं भोवताली कोण आहे, हवा किती, सामू किती, यावर लोखंड दोनावर थांबणार की तीनावर ते ठरतं.

आणि हे उसात दिसतं. चुनखडीच्या काळ्या रानात ऊस केवडा पडतो, कोवळी पानं पिवळी-पांढरी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तपासलं तर मातीत एकूण लोह भरपूर असतं. पण ते तीन धन प्रभाराच्या रूपात, आणि जास्त सामूला ते जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून आपण हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फवारतो. हिराकशीत लोह दोन धन प्रभाराचं, पाण्यात सहज उतरणारं. ताज्या द्रावणाचा रंग फिकट हिरवा असतो. तेच द्रावण हवेवर ठेवलं तर पिवळट तांबूस होत जातं आणि तळाला गंजासारखा साका बसतो. दोनाचा तीन झाला, आणखी एक इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजननं नेला. शिळं द्रावण मारून ‘हिराकशीनं गुण आला नाही’ म्हणणारे शेतकरी मला दर हंगामात भेटतात. द्रावण फवारणीच्या वेळीच करा, त्यात थोडं सायट्रिक आम्ल घातलं तर दोन धन रूप जास्त वेळ टिकतं.

नदीकाठचा ऊसकरी

हिराकशीचं मला आज समजलं. सकाळी कालवून ठेवायचं आणि दुपारनंतर मारायचं असं आमच्याकडं सगळेच करतात.

लेकीचा आणखी एक प्रश्न आहे, ती झोपायलाच तयार नाही. पोटॅशियमसुद्धा एक धन प्रभाराचाच आयन. मग पोटॅश आपण विकत आणून घालतो आणि सोडियम पैसे देऊन काढतो, असं का?

मातीवाली

तिला सांगा, प्रभार सारखा असला तरी आकार सारखा नाही. पोटॅशियम आयनाची त्रिज्या १३८ पिकोमीटर, सोडियमची १०२. लहान आयन पाण्याला जास्त जोरानं धरतो, म्हणून पाण्याचा घोळका धरून सोडियमच मोठा ठरतो. पोटॅशियम आपल्याभोवतीचं पाणी सहज सोडतो. मुळांच्या पेशींच्या पडद्यात पोटॅशियमला ओळखणाऱ्या खास वाटा असतात, त्या त्याला आत घेतात आणि सोडियमला बहुतेक बाहेर ठेवतात. पानांवरची छिद्रं उघडणं-मिटणं, पानात तयार झालेली साखर कांडीपर्यंत पोचणं, ही कामं पोटॅशियमवर चालतात. सोडियम फार झाला तर या वाटांवर गर्दी करतो आणि पोटॅशियमला अडवतो. तुमच्या त्या तुकड्यातल्या उसाच्या जुन्या पानांच्या कडा करपलेल्या असतील, बघून सांगा.

आणि जिप्सम किती घालायचं ते शेजाऱ्याला विचारून ठरवू नका. जिप्समची गरज ही वेगळी चाचणी असते. त्या तुकड्यातून आठ-दहा ठिकाणची माती वीतभर खोलीपर्यंत घ्या, एकत्र करून सावलीत वाळवा, अर्धा किलो पिशवीत भरा. जिथं पांढरा थर दिसतो तिथली वेगळ्या पिशवीत. खताच्या रिकाम्या पोत्यात मात्र आणू नका, त्यात उरलेलं पोटॅश माझ्या ज्योतीला लगेच दिसतं.

नदीकाठचा ऊसकरी

कडा करपल्यात मॅडम, आणि त्याच तुकड्यातल्या. पिशवीवर गट नंबर टाकून पाठवतो. लेक म्हणते तिला ती पिवळी ज्योत बघायचीय, सुट्टीत घेऊन आलो तर चालेल का?

मातीवाली

अवश्य आणा. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या आत या, तेव्हा ज्योत लावलेली असते. तिला म्हणावं तुमच्या रानाचा नमुना तिनं स्वतः गाळायचा.